विक्रीच्या बीटवरून सर्व्हरच्या रॅककडे

"नेट बंद आहे, लगेच या." फोनवर एवढंच सांगितलं जातं. विक्रीत असताना दुकानदार म्हणाला, "तुमचा माल खपत नाही," तर त्यामागे काय असेल ते मला त्याचा चेहरा न बघताही कळायचं. मागच्या स्कीमचे पैसे आले नसतील, ब्रेकेजचा क्लेम अडकला असेल, शेजारच्या दुकानाला दोन टक्के जास्त दिल्याचं त्याच्या कानावर गेलं असेल, किंवा माल खरंच खपत नसेल. संगणकांच्या देखभालीच्या नव्या नोकरीत मात्र "नेट बंद आहे" हे ऐकल्यावर मला पुढे काय विचारायचं तेच सुचत नसे.

तिथले माझे वरिष्ठ, आमचे सर, तेव्हा फोन ठेवत नसत, विचारत राहत. एकाच मशीनचं बंद आहे की सगळ्यांचं? मोबाइलवर वायफाय धरतंय का? प्रिंटर चालतोय का? राउटरवर लाल दिवा आहे का? काल तिथे रंगकाम, सुतारकाम, साफसफाई असं काही झालं का? सर वयाने माझ्याहून बरेच लहान आहेत. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून शिकून आलेले. ते मला दादा म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो, आणि दोघांनाही त्यात वावगं वाटत नाही. त्यांच्या प्रश्नांना काही क्रम आहे हे मला हळूहळू कळलं. आधी वीज, मग वायर, मग पत्ता, मग नाव, आणि सगळ्यात शेवटी पलीकडची वेबसाइट. खालची पायरी तपासल्याशिवाय वरच्या पायरीवर जायचं नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर एका शाळेतून असाच फोन आला. ऑफिसातल्या मशीनवर एकही वेबसाइट उघडेना, सगळीकडे "हे कनेक्शन सुरक्षित नाही" असं येई. मी गेलो. वायर बरोबर, पत्ता बरोबर, पिंगला, म्हणजे पलीकडच्या मशीनला मारलेल्या हाकेला, उत्तरही येत होतं. सगळं चालू आणि तरी सगळं बंद, हे माझ्या डोक्यात बसेना. सरांनी फोनवरून विचारलं, "दादा, मशीनची तारीख बघा." तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते. मशीन बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती मेली, सुट्टीत लाइट गेली, आणि मशीन भूतकाळात जाऊन बसलं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. मशीनच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झाली नव्हती, म्हणून ते कुणावरही विश्वास ठेवायला तयार नव्हतं. एका बॅटरीने काम झालं. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "एवढंच होतं?" मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. घड्याळाचा आणि इंटरनेटचा संबंध असेल असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं, आणि असे आणखी किती संबंध मला ठाऊक नसतील याची धास्ती वाटत होती.

मी पोलादपूर तालुक्यातला. साबण, चहा, बिस्किटं, डासांच्या कॉइल असा माल ठेवणाऱ्या एका वितरकाकडे बरीच वर्षं सेल्समन होतो. माझी बीट म्हणजे महाडची बाजारपेठ, बिरवाडी, नातेखिंडीतून पाचाडपर्यंतची दुकानं, वरंध, मग पोलादपूर, कापडे, आणि थेट कशेडी घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या टपऱ्या. कुठल्या वळणावर कुणाचं दुकान, कोण रोख देतो, कुणाकडे गौरीच्या आधी जायचं नाही, हे सगळं तोंडपाठ होतं. महिनाअखेरीला टार्गेट भरण्यासाठी दुकानात माल ढकलायचा आणि पुढच्या महिन्यात दुकानदाराच्या शिव्या खात तोच माल परत उचलायचा, याचा मला उबग आला होता. पण नुसत्या उबगापायी घरातला कमावता माणूस नोकरी सोडत नाही.

माझ्या बाबतीत निमित्त झालं २०२१च्या जुलैतला पूर. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपुरात येते, महाडपाशी तिला गांधारी मिळते. वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी खाली आमच्याकडेच येणार, आणि खाडीत भरती असली की पुढे सरकायला त्याला जागा नाही. २२ जुलैला महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवरही दरडी आल्या. लाइट नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, रस्ते पाण्याखाली. तळियेत काय झालं हे बाहेर कळायलाच उशीर झाला. आमच्या वाडीतून समोरचा डोंगर दिसत होता, पण त्याच्यापलीकडच्या नातेवाइकांचं काय झालं ते समजायला काही मार्ग नव्हता. फोन लागत नाही म्हणजे काय, हे ज्यांनी त्या दिवसांत अनुभवलं त्यांना वेगळं सांगायला नको.

पाणी ओसरल्यावर मी बाजारपेठेत गेलो. उधारी मागायला नाही, माणसं बघायला. दुकानांपुढे चिखलाचे ढीग, आणि त्या ढिगांजवळ सीपीयूचे डबे उन्हाला ठेवलेले. कुणीतरी सांगितलं होतं, वाळवले की चालू होतात. एका किराणा व्यापाऱ्याने मला तो डबा उघडून दाखवला. आत हार्ड डिस्कवर गाळाचा थर होता. त्याची उधारी, स्टॉक, जीएसटी सगळं त्यात होतं. तो रडला नाही, पण "आता कुणाकडे किती मागू?" असं पुन्हापुन्हा विचारत होता. त्याच ओळीतल्या दुसऱ्या दुकानाचंही सगळं गेलं होतं, पण त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला. दर रविवारी तो टॅलीचा डेटा आपल्याकडे घेऊन ठेवायचा. त्या दुकानदाराने आठवड्याभरात दुसऱ्या लॅपटॉपवर आपली सगळी खाती पुन्हा उघडली. कोण देणेकरी, कोण घेणेकरी, सगळं जागच्या जागी. फरक फक्त एवढाच होता की एकाच्या डेटाची प्रत पुराच्या पातळीच्या वर होती.

हे काम आपल्याला आलं पाहिजे, असं मला तिथे उभ्याउभ्या वाटलं. महाडमध्ये इंजिनीअर कमी नाहीत, पण पावसाळ्यापूर्वी दुकानात शिरून "तुमचा डेटा कुठे आहे?" असं विचारणारा मला माझ्या सगळ्या बीटवर कुणी भेटला नव्हता.

पस्तिशी ओलांडलेल्या माणसाने हे घरी सांगणं सोपं नसतं. पगार जवळजवळ अर्ध्यावर येणार होता. आई म्हणाली, "चांगलं चाललंय ते मोडू नकोस." बायकोने हिशेब मांडला, सोसायटीचा हप्ता, मुलीची फी, गाडीचं पेट्रोल, आणि म्हणाली, "दोन वर्षं ओढू. त्याच्या पुढचं तुम्ही बघा." मग मी महाडमधल्या एका छोट्या फर्ममध्ये लागलो. ही फर्म एमआयडीसीतले कारखाने, दवाखाने, पतसंस्था, शाळा यांची संगणकांची देखभाल वार्षिक करारावर करते.

माझ्याकडे एमएस-सीआयटीचं जुनं सर्टिफिकेट होतं आणि मराठी माध्यमातली बारावी. पुस्तकं सगळी इंग्रजीत. एक पान समजून घ्यायला संध्याकाळ जाई. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत, ते मला वेळेवर सापडले, नाहीतर मी पहिल्याच महिन्यात हाय खाल्ली असती. कुणीतरी मराठीत, शांतपणे, ही आज्ञा टाइप करा, आता एंटर दाबा, असं सांगतंय, याचा आधार किती असतो ते इंग्रजीत शिकलेल्यांना कळणार नाही. नेटवर्कसाठी सिस्कोचा पॅकेट ट्रेसर वापरला. त्यात पडद्यावरच राउटर मांडता येतात, वायरी जोडता येतात, मोडता येतात. कुणाचं ऑफिस बंद न पाडता शिकता येतं, हा त्याचा मोठा गुण.

पत्त्यांच्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त छळलं. १९२.१६८.१.१० हा आकडा समजा पाठ केला. पण त्याच्या खाली २५५.२५५.२५५.० असा दुसरा आकडा असतो, त्याला सबनेट मास्क म्हणतात, आणि तो काय करतो हे काही केल्या समजेना. प्रत्येक जण सांगे, "तो नेटवर्क आणि होस्ट वेगळे करतो." शब्द कळायचे, अर्थ कळायचा नाही. शेवटी सुटका झाली ती पिनकोडमुळे. टपालाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, आणि तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते. महाडचा पिन ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. पहिले तीन आकडे ४०२, म्हणजे पत्र आपल्या भागातलं आहे, शेवटचे तीन म्हणजे कुठलं पोस्ट. मुंबईत बसलेल्या सॉर्टरला पहिल्या तिनाशी मतलब, महाडच्या पोस्टमनला शेवटच्यांशी. मास्क म्हणजे आकड्यात ही रेघ कुठे मारायची ते सांगणारी खूण. पिनमध्ये रेघ ठरलेली असते, इथे ती आपण मागेपुढे सरकवू शकतो. समोरचा पत्ता रेघेच्या डावीकडे आपल्यासारखाच असेल तर मशीन थेट त्याला हाक मारतं, नसेल तर सगळं राउटरच्या हवाली करतं. एवढं समजल्यावर मी रात्री दीड वाजता उठून वहीत पुन्हा पहिल्यापासून गणितं सोडवली.

आणखी एक आकडा सांगतो, कारण त्याने मला काम मिळवून दिलं. मशीनवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजायचं, याने पत्ता मागितला पण कुणी दिलाच नाही, मग स्वतःच एक घेऊन बसलं. पत्ते वाटणारी सेवा म्हणजे डीएचसीपी. मशीन सुरू होताना सगळ्यांना ओरडून विचारतं, "पत्ता कोण देतं?" सर्व्हर म्हणतो, "हा घे." मशीन म्हणतं, "मग हाच घेतो." सर्व्हर म्हणतो, "तुझ्या नावावर लावला." चार वाक्यांचा हा संवाद पहिल्यांदा पडद्यावर टिपून बघितला तेव्हा मला फार आनंद झाला. आणि ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग जातंय पण नावाने वेबसाइट उघडत नाही, तर नावाचा आकडा करून देणारी डीएनएस बंद आहे. हे पिंग नावाचं हत्यार माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३च्या डिसेंबरात लिहिलं. चाळीस वर्षांनी बिरवाडीच्या फाट्यावर उभा राहून मी रोज तेच वापरतो.

पण सगळं काही पत्त्यांनी सुटत नाही. एका दवाखान्यात अचानक सगळंच थांबलं. बिलिंग, लॅबचे रिपोर्ट, एक्सरे, कॅमेरे. रिसेप्शनवर रांग. स्विचवरचे सगळे दिवे एकाच वेळी, एकाच लयीत, वेड्यासारखे लुकलुकत होते. सरांनी दिवे बघूनच सांगितलं, "लूप आहे." टेबल हलवताना कुणीतरी लोंबणारी वायर दिसली म्हणून ती भिंतीतल्या मोकळ्या सॉकेटमध्ये खोचून दिली होती. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचला होतं. सगळ्यांसाठी म्हणून निघालेला संदेश त्या गोल वाटेवर फिरतच राहतो, प्रत्येक फेरीला त्याच्या प्रती वाढतात, आणि खऱ्या कामाला वाट उरत नाही. राडिया पर्लमन या बाईंनी १९८५मध्ये यावर तोड काढली. स्पॅनिंग ट्री नावाची. स्विच आपसांत बोलून ठरवतात की कुठली वाट मिटून ठेवायची. ती सोय चांगल्या स्विचमध्ये असते, स्वस्तातल्या बहुतेक डब्यांत नसते. त्या दवाखान्यात स्वस्तातला डबा होता. वायर उपटली आणि क्षणात सगळं सुरळीत झालं. रांगेतल्या एका आजींनी मला विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?" मी नाही म्हणालो, पण त्यांचा रिपोर्ट छापून आला तेव्हा मला जे वाटलं ते विक्रीच्या इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं. बक्षिसाची घड्याळं मिळाली होती, तेव्हाही नाही.

एमआयडीसीतलं काम वेगळ्या जातीचं. महाडची एमआयडीसी रासायनिक कारखान्यांची. हवेतच काही असं असतं की केबलच्या टोकातल्या तांब्याच्या पिना लवकर काळ्या पडतात. बाहेरून वायर शाबूत दिसते आणि आत संपर्क सुटलेला असतो. प्लँट चालवणारं नेटवर्क आणि ऑफिसचं नेटवर्क वेगळं ठेवायचं, मध्ये फायरवॉल असल्याशिवाय एक वायर इकडची तिकडे न्यायची नाही, हा तिथला पहिला नियम. ऑफिसातल्या कुणी ईमेलमधली घाण उघडली तर ती रिअॅक्टरचं तापमान सांभाळणाऱ्या यंत्रापर्यंत जाता कामा नये.

मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटतं ते सांडपाण्याच्या नोंदींचं काम. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी अशा सतरा प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धूर मोजणारी यंत्रं चोवीस तास चालू ठेवून त्यांचे आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरला पाठवायला सांगितलं. पाण्याची आम्लता, त्यातला सेंद्रिय भार, गाळ, किती पाणी गेलं, सगळं यंत्र मोजतं, डेटा लॉगर साठवतो, आणि राउटरमधून ते आकडे निघतात. त्या साखळीतला एक राउटर सांभाळणं हे आता माझं काम आहे. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं आहे. दोन कंपन्यांची सिमकार्डं, एक पडलं की दुसरं. पण सावित्रीच्या पाण्यावर मासे मारून पोट भरणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. नदीत काय सोडलं जातं याची नोंद अखंड राहिली पाहिजे, निदान नेट नव्हतं म्हणून ती तुटली असं कुणाला म्हणता येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून त्या राउटरची बॅटरी मी पाळी नसतानाही तपासतो. सर म्हणतात, "दादा, ते करारात नाही." माहीत आहे.

पोलादपूरकडचं काम म्हणजे डोंगर, पाऊस आणि झाडं. तिथे मोठी तार बहुतेक ठिकाणी खांबावरून गेलेली असते. माकडं तिच्यावर झोके घेतात, फांद्या पडतात, महामार्गाच्या रुंदीकरणाच्या काळात तर जेसीबीचा दात कधी कुठे लागेल याचा नेम नसे. नदी ओलांडायची तर पुलाच्या कठड्याला बांधलेली नळी. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. त्या पुलावरून मी बीटला जात असे. आजही कुठल्या पुलाखालची नळी तपासायला वाकलो की मला आधी खालच्या पाण्याची पातळी बघायची सवय लागली आहे.

फायबर कुठे तुटली हे शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. काचेच्या तंतूत प्रकाशाचा ठोका सोडायचा, तो तुटलेल्या जागेवरून परत यायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर सांगतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा पडद्यावर आकडा आला ४.१ किलोमीटर, आणि माझ्याबरोबरचा मुलगा गाडीच्या मीटरवर चार किलोमीटर मोजत निघाला. तिथे काहीच नव्हतं. कारण फायबर ओढताना ठिकठिकाणी खांबावर जादा वेटोळी ठेवतात, उद्या तुटली तर जोडायला हात राहावा म्हणून. फायबरची लांबी रस्त्यापेक्षा जास्त भरते. मग मी थांबून आठवलं. या रस्त्याला कुठे दुकानापुढच्या खांबावर वेटोळं दिसतं, कुठे तार ओढा ओलांडते, कुठे गेल्या आठवड्यात नवं बांधकाम निघालं. साडेतीन किलोमीटरच्या आसपास एका टपरीवाल्याचं नवं पत्र्याचं छप्पर होतं. माझा जुना गिऱ्हाईक. पत्र्याच्या कडेने तार चिरली होती. यंत्राने सांगितलेला आकडा आणि माझ्या पायाखालचा रस्ता जिथे जुळले, तिथेच मला पहिल्यांदा वाटलं की विक्रीतली वर्षं फुकट गेलेली नाहीत.

विक्रीतून आणखी एक गोष्ट आली, ऐकून घेण्याची. माणसाला मध्येच न तोडता बोलू दिलं की तो कारण स्वतःच सांगून जातो. "काही केलं नाही हो, फक्त परवा पंखा पुसायला माणूस स्टुलावर चढला होता." बस, त्या पंख्याशेजारीच वायफायचा अॅक्सेस पॉइंट असतो. उलट एक सवय मात्र सोडावी लागली. विक्रीत गिऱ्हाइकाला "होऊन जाईल, काळजी करू नका" असं म्हणणं हा अर्धा धंदा असतो. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तपासल्याशिवाय कारण सांगायचं नाही आणि कारण कळल्याशिवाय वेळ सांगायची नाही. "बघतो, मग सांगतो," एवढंच. समोरचा नाराज होतो, तो व्हायला हवा तेवढा होऊ द्यायचा. हे मला सबनेट मास्कपेक्षाही अवघड गेलं.

मे महिन्यातली आणि परतीच्या पावसातली वीज हा इकडचा मोठा शत्रू. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढलेली असेल तर एकीकडे पडलेल्या विजेचा धक्का दुसरीकडचा स्विचही जाळतो. म्हणून इमारतीबाहेर शक्यतो फायबर. काचेतून वीज जात नाही. शिवाय तांब्याच्या केबलला शंभर मीटरची मर्यादा आहे. त्यापुढे ती चालेलही, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आमच्याकडच्या मुरमाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि नेमकी तेव्हाच वळवाची वीज येते. त्या खड्ड्यात मेमध्ये पाणी घालायला सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, हा कॉम्प्युटरवाला की माळी.

हळूहळू मला जे उमगलं ते कुठल्या पुस्तकात ठळक अक्षरांत नव्हतं. आमच्या खोऱ्यात या कामाचा पहिला प्रश्न उंचीचा आहे. सर्व्हर कुठल्या मजल्यावर आहे, यूपीएस जमिनीवर ठेवलाय की फळीवर, मुख्य वायर इमारतीत कुठून शिरते, आणि डेटाची एक प्रत घाटाच्या पलीकडे आहे का. जाणकार लोक तीन-दोन-एक म्हणतात. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. मोठ्या क्लाउड कंपन्यांची डेटा सेंटरं पुण्या-मुंबईत आहेत, तिथे रात्री प्रत पाठवता येते. पण प्रत घेतली म्हणजे काम झालं असं नाही. ती परत उघडून बघितली का, हे मी प्रत्येक ठिकाणी विचारतो, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर येत नाही. मग समोर बसवून, वेगळ्या लॅपटॉपवर, त्यांच्याच महिन्याचा हिशेब त्या प्रतीतून उघडून दाखवतो. बाजारपेठेतल्या ज्यांनी २०२१ पाहिलं आहे ते तेव्हा खुर्ची पुढे ओढून बसतात.

नियमही बरेच आहेत, जे मला या वयात नव्याने शिकावे लागले. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि मशीनची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. शाळेतल्या त्या बॅटरीनंतर घड्याळाचं कलम मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

अजून न कळलेलं खूप आहे. आयपीव्ही६चा पत्ता १२८ बिटांचा, त्यात आकड्यांबरोबर अक्षरंही, आणि ते बघितलं की माझी वही पुन्हा कोरी होते. नेटवर्किंगच्या सीसीएनए परीक्षेचा अभ्यास चालू आहे. पहाटे मुलीचा आणि माझा अभ्यास एकाच टेबलावर होतो. ती मला इंग्रजी शब्दांचे उच्चार सांगते. पगार जिथे सोडला होता तिथवर अजून पोचलेला नाही, बायकोने दिलेली दोन वर्षं संपत आली आहेत, आणि ती अजून काही म्हणालेली नाही.

सध्या एका पतसंस्थेचं काम हातात आहे. त्यांचा सर्व्हर तळमजल्यावर, काउंटरच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. जूनच्या आधी तो वर न्यायचा असं मी गेल्या पावसाळ्यापासून सांगत होतो. संचालक म्हणत, वर नेला तर खालच्या मशीनपर्यंत केबल पुरणार नाही. परवा टेप घेऊन गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या रेकॉर्डच्या खोलीपासून जिन्याच्या कडेने काउंटरच्या शेवटच्या मशीनपर्यंत मोजलं, अडुसष्ट मीटर भरले. वळणांना आणि दोन्ही टोकांच्या जोडण्यांना दहा धरले तरी शंभराच्या खूप आत. संचालकांनी कागदावर सही केली. केबलची ऑर्डर गेली आहे, आणि रॅक उचलायला एमआयडीसीतली चार पोरं रविवारी येणार आहेत.